वामीच्या पोटातली गाबोळी

देवाच्या नावाने, आणि ज्याचं नाव मला ठेवलं त्या आमच्या गावच्या संत कासियानोला साक्षी ठेवून, मी, गेर्वासो तोमाझी याचा मुलगा कासियानो, राहणार कोमाक्यो, खाजणाच्या काठी, वय पंचवीस किंवा सव्वीस (बाप्तिस्म्याच्या वहीचं ते पान पुरात भिजलं), धंदा आधी भटकणे व नंतर वामी कापणे, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, कुणाच्या दडपणाशिवाय आणि दारू न पिता लिहून ठेवतो. शरीर धडधाकट आहे. डोकं ठिकाणावर आहे, गावाचं म्हणणं काहीही असो. अक्षर वाईट आहे त्याबद्दल लाज वाटते, पण आज लाजेची रांग मोठी आहे आणि अक्षराचा नंबर शेवटचा.

पाद्री झेनोने समोर बसलेत. नोटरीला द्यायला माझ्याकडे काही नाही, आणि पाद्री व दोन साक्षीदार असले की कागद पक्का होतो असं ते म्हणतात. आधी आत्मा, मग माती, मग मिळकत, असा क्रम त्यांनी सांगितला. तर आत्मा देवाचा, त्याने तो परत घ्यावा. मातीचं सांगता येत नाही. उद्या पहाटे मी क्योज्जाच्या एका होडीवरून वामींच्या मागे उघड्या समुद्रात निघतोय. तिथे मेलो तर माती कुठली, मासेच.

"असलं लिहू नकोस," पाद्रीबाबा म्हणाले. लिहून झालं होतं.

कलम पहिले. मिळकतीचा खुलासा. कालव्याच्या काठचं एक घर, आईकडून माझ्या नावावर आलेलं, ज्यात सध्या माझा बाप राहतो. आणि डॉक्टर इलारियो बेंतिनी यांनी मरताना मला दिलेल्या वस्तू: पितळी मुठीचं भिंग, सुऱ्या, दारूच्या अर्कात बुडवलेल्या वामींच्या बरण्या, एक दगडी कुंड, आणि एक प्रश्न. प्रश्न मिळकतीत धरतात का, असं मी विचारलं.

पाद्रीबाबा म्हणाले, "कुणी मागायला येणार असेल तर धरतात."

डॉक्टर कोण हे गावाला सांगायला नको, पण हा कागद उद्या फेराऱ्यात कुणाच्या हाती पडेल, त्याच्यासाठी लिहितो. ते रेज्जोचे, बोलोन्यात वैद्यकी शिकलेले. श्रीमंतांची नाडी पाहून सुखात जगले असते. पण त्यांना माशीचे पाय, झाडावरच्या गाठी, रातकिड्याचा आवाज नेमका कुठून निघतो, असल्या गोष्टी झोपू देत नसत. एका पावसाळी हिवाळ्यात त्यांनी वाम खाल्ली आणि विचारलं, ही जन्मते कुठे? कुणालाच ठाऊक नव्हतं. अजूनही नाही. वसंतात बोटाएवढी पिल्लं समुद्राकडून आमच्या खाजणात शिरतात, वर्षानुवर्षं चिखलात वाढतात, आणि शरदात वादळ झालं की मोठ्या वामी पुन्हा समुद्राकडे धावतात, तेव्हा आमची माणसं वेताचे सापळे लावून त्या धरतात. पण वामीच्या पोटात अंडं आजवर कुणी पाहिलेलं नाही. डॉक्टर एका शरदापुरते म्हणून कोमाक्योला आले आणि मरेपर्यंत इथेच राहिले.

कलम दुसरे. दगडी कुंड विधवा ओर्सोला हिला द्यावे, जिच्या घरी डॉक्टर भाड्याने राहत आणि आता मी राहतो. ती त्यात कोंबड्यांना पाणी पाजतेच आहे, आता ते कायद्याने पाजेल. या कुंडाची हकीकत अशी की घोड्याच्या शेपटीचा केस पाण्यात पडला की त्याची वाम होते, असं माझी आजी म्हणायची. शिकलेली माणसं हसली असती. डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी कुंड विकत घेतलं, पाणी भरलं, केस टाकले आणि वर्षभर रोज सकाळी वाकून पाहिलं. बायका यायच्या. "डॉक्टर, घोडा फेराऱ्याचा होता ना? म्हणून होत नाही. इथला लागतो." त्यांनी इथल्या घोड्याचा टाकला. मग कुणी म्हणालं, घोडी हवी. घोडीचा टाकला. शेवटी स्वतःच्या टकलाभोवतीचे उरलेसुरले काढून टाकले, का, ते मी विचारलं नाही. वर्ष संपल्यावर मला म्हणाले, "कासियानो, लिही. झाली नाही." मी म्हटलं, न झालेलं काय लिहायचं? "तेच लिहायचं. लोक फक्त झालेलं लिहितात, म्हणून जगात इतकं खोटं साठलंय."

सुऱ्याही ओर्सोलाला. ती चुलीपाशी उभी आहे आणि इकडेच कान आहे.

"सुऱ्या नकोत मला. आतड्यांचा वास जात नाही."

"विकून टाक."

"कोण घेणार? साऱ्या गावाला ठाऊक आहे त्या कशाच्या आहेत." मग म्हणाली, "ठेव. भिंतीवर टांगीन." कापलेली प्रत्येक वाम तिनेच तळली. "झालं का तुमचं ज्ञान? द्या इकडे, तेल तापलंय," असं रोज ओरडायची.

कलम तिसरे. माझा ढोल बहीण बेनेदेत्ताच्या पोरांना. पंधराव्या वर्षी बापाच्या सापळ्यांना कंटाळून मी एका दात उपटणाऱ्याबरोबर पळालो. आंकोना, लोरेतो, पार बारीपर्यंत गेलो. काम एवढंच की त्याने चिमटा लावला की जोरात ढोल बडवायचा, म्हणजे रांगेतल्या पुढच्या माणसाला किंकाळी ऐकू जात नाही. बारीला एका बाईने... ते राहू दे, पाद्रीबाबा वाचताहेत. सांगायचं एवढंच की हा ढोल वाजवणाऱ्याला नंतर शांत ठिकाणी नीट झोप लागत नाही, हे पोरांना आधीच सांगावं. परत आलो तेव्हा बापाने दार उघडलं आणि म्हणाला, "सापळे विणायचे पडलेत." तो एवढंच म्हणाला आणि मी एवढ्यावरच चिडलो. डॉक्टरांना वाम धरून ठेवायला हात हवा होता. मी तिकडे गेलो.

कलम चौथे. बाप गेर्वासो यास.

हे कलम नंतर लिहितो.

कलम पाचवे. बोलोन्यातल्या विद्वानांच्या एका मंडळीला, जिचं नाव मी लिहीत नाही, अंड्याचं टरफल. ते फडताळात कापसात ठेवलंय. ते कसलं हे सांगायचं तर गेल्या नोव्हेंबरचं सांगावं लागतं, आणि ते सांगताना माझे कान तापतात.

गेल्या नोव्हेंबरात बापाने डॉक्टरांना एक वाम आणून विकली. मोठी, जाड, पोट तट्ट. बाप सहसा आमच्या दारात येत नसे, मला नवल वाटलं. डॉक्टरांनी सुरी लावली आणि आत गाबोळी. पिवळी, दाणेदार, गच्च भरलेली. डॉक्टर खुर्चीवर बसले आणि रडू लागले. आवाज न करता, सुरी हातात तशीच. मी काय केलं? मी धावत सुटलो. तीन कालवे मिळतात तिथल्या पुलावर चढलो आणि ओरडलो, "सापडलं! वामीचं अंडं सापडलं!" नाचलो. टोपी पाण्यात फेकली. खाली होड्यांतली माणसं हसत होती आणि मला वाटलं आनंदाने हसताहेत.

डॉक्टरांनी बोलोन्याला लिहिलं. तिथे ते पत्र भर सभेत वाचलं, टाळ्या झाल्या, छापायचं ठरलं.

मग ईस्टरआधीचा उपासाचा काळ आला, मांस बंद, मासे चालतात. एका शुक्रवारी ओर्सोलाने पावावर खारवून सुकवलेली बोय माशाची गाबोळी किसून दिली, दर शुक्रवारी देते तशी. डॉक्टर चावता चावता थांबले.

"ओर्सोला, हे काय आहे?"

"गाबोळी. बोयची. आज काय नवीन विचारताय?"

त्यांनी ताटातला दाणा बोटावर घेतला, उठले, बरणी आणली, भिंग आणलं. दोन्ही दाणे शेजारी ठेवले. बराच वेळ पाहिलं. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "कासियानो, हे आपण खातोय."

मी बोयची गाबोळी दुधाच्या दातांपासून खातो. इथलं शेंबडं पोरही ती ओळखेल. पण वामीच्या पोटात दिसली म्हणून मी ओळखली नाही. जे पाहायचंच असतं ते दिसलं की डोळे पुढचं काही विचारत नाहीत.

डॉक्टरांनी त्याच दिवशी बोलोन्याला कळवलं, माझी चूक झाली, छापू नका. तिथून उत्तर म्हणून एक लाकडी पेटी आली. आत भुश्यात कोंबडीचं उकडलेलं अंडं आणि चिठ्ठी: हेही एका वामीच्या पोटात सापडलं. मी पेटी कालव्यात टाकायला निघालो. डॉक्टरांनी अडवलं, अंडं सोललं, मीठ लावून खाल्लं. "उकडलंय मात्र चांगलं," म्हणाले. टरफल मी ठेवलं. ते मंडळीला परत करावे. सोबत चिठ्ठी नको.

कलम सहावे. बरण्या. बरण्यांचं काय करायचं ते मला कळत नाही. न सापडलेलं कुणाला द्यायचं? पाद्रीबाबांनी तळघरात ठेवाव्यात आणि पोरांना घाबरवायला वापरू नयेत.

कलम सातवे. भिंग. मी ते समुद्रावर नेत नाही, खारं पाणी लागेल. मी परतलो नाही तर जो कुणी वामीचं अंडं खरोखर पाहील त्याला ते द्यावे. तोवर ओर्सोलाच्या फडताळात.

"असा वारस चालत नाही," पाद्रीबाबा म्हणाले. "नाव लागतं."

"नाव अजून ठाऊक नाही, बाबा."

"मग त्याला शोधायचा कुणी?"

"तोच येईल विचारत."

त्यांनी मान हलवली, पण खोडायला लावलं नाही. शेवटच्या तापात डॉक्टर म्हणत होते, "मी चुकीच्या घरात शोधत बसलो. इथे त्या फक्त जेवायला येतात. अंडी समुद्रात असणार." मी जातोय ते म्हणून. गाव म्हणतं, पुलावर नाचलेल्याला आता समुद्र कमी पडतोय. म्हणू दे.

कलम चौथे, जे राहिलं होतं. बाप गेर्वासो यास.

ती गाबोळी वामीच्या पोटात बापाने भरली होती. हे गुपित नाही. खानावळीत निम्म्या गावाला आधीपासून ठाऊक होतं, मला आणि डॉक्टरांना सोडून. मी नाचत होतो तेव्हा खाली हसणाऱ्यांना ठाऊक होतं. बोलोन्याची पेटी आल्याची बातमी खाजणाच्या ठेकेदाराच्या कानावर गेली. आमच्या खाजणाचं नाव खराब झालं म्हणून तो चिडला आणि दोन शिपाई घेऊन पुलावर उभा राहिला. ज्याने ही वाम विकली त्याला दोरीवर टांगणार. हात मागे बांधून वर ओढतात आणि मध्येच सोडतात. माझ्या बापाच्या वयाच्या माणसाचे खांदे त्यानंतर सापळा उचलत नाहीत.

सारं गाव जमलं होतं. बाप पुढच्याच रांगेत, टोपी हातात. मी त्याच्याकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडावरून मला कळलं.

"ही वाम कुणी विकली?" ठेकेदाराने डॉक्टरांना विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "वाटेवरच्या होडीवाल्याने. तोंड आठवत नाही."

"तुम्हाला? तोंड आठवत नाही? माशीचे पाय मोजणाऱ्याला?"

लोक हसले. डॉक्टरही हसले. "माशीने मला कधी फसवलं नाही. आणि यात फसवणूक कसली? त्याने वाम म्हणून वाम विकली. आत काय आहे ते मी ठरवलं. चूक माझी, तशी लिहून दिली आहे, पाहिजे तर दवंडी पिटवा." ठेकेदाराने खरंच पिटवली. पुढे दोन बाजार दवंडीवाला पुलावरून ओरडत होता की डॉक्टर इलारियो यांस बोय आणि वाम यांतला फरक कळत नाही. त्यांच्याकडे नाडी दाखवायला येणारे कमी झाले. मी बाजूला उभा होतो. एक शब्द बोललो नाही. बोललो असतो तर बाप टांगला गेला असता, न बोललो तर डॉक्टर. हाताशी ढोल असता तर बडवला असता.

गर्दी पांगल्यावर डॉक्टर बापाजवळ गेले. मला वाटलं आता शिवी देतील. ते हळूच म्हणाले, "गेर्वासो, एक विचारू? चीर नाही, टाका नाही. मी दोनदा पाहिलं. भरलीस कशी?"

खरोखर जाणून घ्यायचं होतं त्यांना. डोळे तसेच चमकत होते. बाप लालबुंद झाला, टोपी घातली, होडीत बसला आणि गेला.

तोच हा प्रश्न, जो मी मिळकतीत धरला. ऑगस्टात ताप चढला तेव्हाही डॉक्टर विचारायचे, "गेर्वासो काही बोलला का?" मी म्हणायचो, नाही. मी विचारायला गेलोच नव्हतो. लाज वाटायची. बापाची, की त्याच्या घरात जन्मल्याची, की त्याच्यावर चिडूनही तो टांगला गेला नाही म्हणून सुटल्यासारखं वाटलं त्याची, ते सांगता येणार नाही. डॉक्टर प्रश्नासकट गेले. बापाशी मी त्या दिवसापासून बोललेलो नाही.

तर बापाला द्यायचं ते असं: आईचं घर, कारण तो तिथेच राहतो आणि त्याला बाहेर काढायला मी ठेकेदार नाही. बाकी काही नाही. निरोपही नाही.

इथे संपवून सह्या घ्यायच्या होत्या. पहिला साक्षीदार न्हावी ओनोफ्रियो आला, तो लंगडा म्हणून गावात असतो. दुसरा, जाळी विणणारा बाल्दो, आला नाही. दुपारी वारा फिरला, आज वामी धावणार, आणि हातपाय असलेला प्रत्येक पुरुष खाजणात सापळ्यांवर गेला. बाईची साक्ष चालत नाही. ओर्सोला म्हणाली, "माझी वाम चालते, सुऱ्या चालतात, साक्ष चालत नाही." पाद्रीबाबा म्हणाले, मग हा कागद कच्चा, आणि तू बुडालास तर सगळं आपोआप बापाचं. घर, भिंग, सगळं.

दार वाजलं तेव्हा मला बाल्दो वाटला. बाप होता. गुडघ्यापर्यंत ओला. वामी धावायच्या दिवशी सापळ्यावरची जागा सोडून आलेला कोमाक्योचा माणूस मी आजवर पाहिलेला नाही. हंगामच जातो त्याचा.

"उद्या चाललास म्हणे."

मी कागदावरच पाहत होतो. न्हावी म्हणाला, "गेर्वासो, साक्षीदार हवाय रे इथे." ओर्सोलाने त्याच्या लंगड्या पायावर पाय दिला.

पाद्रीबाबांनी बापाला समजावून सांगितलं. ज्याला कागदात काही मिळतं त्याने साक्ष घालायची नसते. साक्ष घातलीस तर घर गेलं. नाही घातलीस तर कागद गेला, मग सगळं तुझंच. नुसता चूप बस, तुझं काही जात नाही.

बाप उभाच राहिला. मग चुलीकडे पाहून बोलू लागला, माझ्याकडे नाही.

"तुझ्या आईचं नरसाळं. सॉसेज भरायचं, बारीक नळीचं."

मला आधी कळेना तो काय सांगतोय. पाद्रीबाबा म्हणाले, "लिही." म्हणून लिहिलं, आणि हे कलम आठवे समजावे, बापाच्या तोंडचं, जसं बोलला तसं:

"वाम बर्फात ठेवली, सुस्त झाली. बोयची गाबोळी मिठाच्या पाण्यात सुटी केली. नळी खालच्या भोकातून. पण नरसाळ्यातून उतरेना, अडकायची. मग तोंडात घेतली आणि फुंकली. घास घास. म्हणून चीर नाही. मला वाटलं, सुरी लावताच ओळखेल, शिव्या घालेल, तुलाही हाकलून देईल, तू घरी येशील. एका दिवसाची गंमत. मी दाराआड उभा होतो, त्या दिवशी. तो रडला रे. मग कसं सांगायचं? ती चव तोंडातून जात नाही. शुक्रवारी मी कोरडा पाव खातो."

तेल करपल्याचा वास आला, ओर्सोलाने कढई उतरवली.

"पुलावर विचारलं त्याने," बाप म्हणाला. "सोपं होतं सांगायला. नळी आणि फुंकर. दोन शब्द."

मी म्हटलं, "आता कुणाला सांगतोयस, बाबा?" पुलावरच्या त्या दिवसानंतरचा हा माझा पहिला शब्द, आणि तोही असा.

"कागदाला. तो म्हणायचा ना, लिहून ठेवायचं असतं." मग पाद्रीबाबांकडे वळला. "कुठे करायची निशाणी?"

"गेर्वासो, घर जाईल."

"ऐकलं मी. लंगडा नाही, बहिराही नाही." न्हावी हसला, मग हसू गिळलं.

म्हणून चौथे कलम रद्द करून असे लिहितो: घर बहीण बेनेदेत्ता हिला. ती तोंडाची तिखट आहे आणि बाप तिला घाबरतो, पण ती त्याला उघड्यावर ठेवणार नाही. डॉक्टरांचा प्रश्न मिळकतीतून काढून टाकावा, त्याचं उत्तर मिळालं आहे. पाद्रीबाबांनी आठवं कलम डॉक्टरांच्या थडग्यापाशी एकदा मोठ्याने वाचावं. गावाने ऐकलं तरी चालेल.

वरील मजकूर मी लिहिला, सर्वांसमक्ष वाचून दाखवला, खाडाखोड माझीच आहे.

कोमाक्यो, विधवा ओर्सोलाच्या स्वयंपाकघरात, संत लूकाच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, ऑक्टोबर, प्रभूच्या जन्मापासून सोळाशे ब्याण्णवावे वर्ष.

लिहून ठेवणार: कासियानो तोमाझी

समक्ष: पाद्री झेनोने

साक्षीदार पहिला: ओनोफ्रियो, न्हावी

साक्षीदार दुसरा: गेर्वासो तोमाझी, कोळी, लिहिता येत नाही, सबब निशाणी, सापळ्यांवर कोरतो तीच, दोन उभ्या रेघा व एक आडवी. या कागदान्वये यास काहीही मिळत नाही, हे यास दोनदा वाचून दाखवले. दुसऱ्या वेळी त्याने ऐकून घेतले नाही, वारा वाढला म्हणून नाही, तर मुलाची पिशवी भरायला घेतली होती म्हणून.